रविवारी कोरडा, सोमवारी मुसळधार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, वेधशाळेच्या पर्जन्य विभागातून निवृत्त, माझ्या राहत्या घरी, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको, मुलगा म्हणतो काळजी नको, आणि दोघेही ते इतक्या वेळा म्हणतात की मला कागद घेऊन बसावेसे वाटले. अक्षर आज जरा धावते आहे, पण ते भीतीने नव्हे. गेल्या आठवड्यात मला असे काही सापडले आहे की आनंदाने घास उतरत नाही! ते चौथ्या कलमात येईल. मृत्युपत्रात आधी घर लिहायचे असते, म्हणून आधी घर.

कलम पहिले. हे घर माझ्या पगारातून बांधलेले, स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पश्चात माझ्या सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर मिळावे. मुलाने तोंड वाकडे करू नये. ती ठेवून घेईल तर त्यानेही तिथे खुशाल राहावे.

कलम दुसरे. मागच्या अंगणातले पर्जन्यमापक, म्हणजे घरात सगळे ज्याला पावसाचा डबा म्हणतात ते, घराबरोबरच सुनेकडे जाईल. अट एकच: ते वीतभरही हलवायचे नाही. मुलाला तिथे गाडीसाठी शेड हवी आहे, आणि मी झोपले आहे असे समजून तो फीत घेऊन जागा मोजून गेला आहे. मी झोपले नव्हते. बाबा रे, डब्याशेजारी आडोसा उभा राहिला की वाऱ्याने तिरका येणारा पाऊस अडतो, डब्यात पाणी कमी पडते, आणि पुढे कोणीतरी दीडशहाणा जाहीर करतो की पाऊस घटला. पाऊस घटलेला नसतो, तुमची शेड वाढलेली असते.

रोज सकाळी साडेआठला डब्यातले पाणी मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा. कधी जमले नाही तर तिथे रेघ ओढायची, शून्य लिहायचे नाही. शून्य म्हणजे पाहिले आणि पाऊस नव्हता. रेघ म्हणजे पाहिलेच नाही. आमचे हे होते तेव्हा रेघ पडू नये म्हणून आम्ही लग्नकार्यांना आळीपाळीने जात असू, एक जण मांडवात, एक जण डब्यापाशी. त्यावरून आमचे पटत नाही असा नातेवाइकांत बोभाटा झाला होता. आमचे उत्तम पटत होते.

कलम तिसरे. बँकेतली ठेव मुलाला. दागिने धाकट्या बहिणीला. ते तिने एका समारंभापुरते म्हणून नेले त्याला बरीच वर्षे झाली, तेव्हा तिला वेगळे कळवण्याची गरज नाही. हाताने फिरवायचे आकडेमोडीचे यंत्र माझ्या जुन्या साहेबांना. कार्यालयाने ते मोडीत काढले तेव्हा त्यांना ते हवे होते. मला मुळीच नको होते. त्यांना मिळू नये एवढ्याचसाठी मी ते घेतले आणि आजवर पुसून ठेवले.

कलम चौथे. आता खरी गोष्ट!

आमच्या या साहेबांचे नाव झाले ते एका निष्कर्षावर. तलावावरच्या केंद्राची पन्नास वर्षांची आकडेवारी तपासून त्यांनी मांडले की मधल्या काळापासून या भागात मुसळधार पावसाचे दिवस वाढत चालले आहेत. मी शेजारच्या टेबलावर बसत असे. मी म्हणाले, माझ्या अंगणात तर असे काही दिसत नाही. ते म्हणाले, "बाई, तुमच्या अंगणातल्या डब्यावरून हवामान ठरत नसतं." सगळा विभाग हसला. हसणाऱ्यांची नावे मला आजही पाठ आहेत, पण कागद वाया घालवत नाही.

त्या निष्कर्षावर पाणीपुरवठा मंडळ चालते. पाऊस सुरू झाला की मुसळधार येणार या धास्तीने तलावाचे दरवाजे उघडून जागा करून ठेवतात. मग मुसळधार येत नाही, येते ती लांबलचक उघडीप, आणि नळाला दिवसाआड पाणी. आता दरवाजे आणखी उघडायचे ठरते आहे. बैठक पुढच्या बुधवारी आहे.

गेल्या सोमवारी सून धुणे वाळत घालत होती आणि दोरी पुरत नव्हती.

"एवढे कपडे कुठून आले गं?" मी विचारले.

"काल कामाच्या बाई आल्या नाहीत ना, आई. दोन दिवसांचं आहे हे. आपण काही जास्त मळवले नाहीत."

मी चहा तसाच टाकून आत पळाले. माझ्या वयाच्या आणि माझ्या हृदयाच्या बाईने पळू नये, पण पळाले! कपाटातून तलावावरच्या आकड्यांची जुनी नक्कल काढली आणि ते वारांप्रमाणे मांडले. ज्या वर्षापासून निरीक्षकांना साप्ताहिक सुट्टी लागू झाली, त्या वर्षापासून तलावावर रविवारी पाऊस पडलेलाच नाही. एकदाही नाही. पावसालाही सुट्टी! आणि मुसळधार दिवस? बहुतेक सगळे सोमवार. निरीक्षक रविवारी येत नसे, तिथे तो शून्य लिही, आणि सोमवारी डब्यात साठलेले दोन दिवसांचे पाणी सोमवारचे म्हणून मांडी. त्याला बिचाऱ्याला रेघ ओढायला कोणी शिकवलेच नव्हते.

रविवार-सोमवार बाजूला ठेवून मी उरलेले पाच वार तपासले. मुसळधार दिवस वाढलेले नाहीत. हंगामाचा एकूण पाऊसही तेवढाच आहे. वाढले आहे ते दोन पावसांमधले अंतर, आणि माझ्या अंगणातल्या आकड्यांतही ते तसेच वाढले आहे. म्हणजे तलाव आधी भरून धरून ठेवायला हवा, आणि आपण तो रिकामा करतो आहोत! मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या. सून ओल्या हातांनी धावत आली. तिला वाटले, मला काहीतरी झाले. घर तिच्या नावावर का, हे आता मुलाच्या ध्यानात आले असेल.

कलम पाचवे. माझे बरेवाईट झाले तर हे सर्व बुधवारी मंडळापुढे मुलाने वाचून दाखवावे, असे मी लिहिले आणि त्याला ऐकवले.

"आई, माझं टाइल्सचं दुकान आहे," तो म्हणाला. "मला तिथे कोण उभं करणार? साहेबांपुढे माझं ऐकतील?"

मुलगा कधी कधी बरोबर बोलतो. मंडळ ऐकते ते साहेबांचेच. शेवटी मीच साहेबांना फोन लावला.

"बोला बाई. उद्या ऑपरेशन ना तुमचं? काही लागलं तर..."

"ते राहू द्या. तुमचे मुसळधार दिवस कुठल्या वारी पडतात, कधी बघितलंय?"

"वाराचा काय संबंध?"

"बघा तरी."

पलीकडे नुसती कागदांची सळसळ. मग अगदी हळू आवाजात, "त्याला रविवारची सुट्टी असायची." आणि लगेच, "मी येतो."

आले ते चष्म्याच्या दोन जोड्या घेऊन. दुपारभर माझ्या टेबलाशी बसून एकेक सोमवार बोटाने तपासत होते. मी हे मृत्युपत्र लिहिते आहे असे दाखवत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"नोंदवहीत एकही जागा रिकामी नव्हती, बाई. किती चोख नोंदी ठेवल्यात म्हणून त्या निरीक्षकाला मी स्वतः शाबासकी दिली होती."

मला हसू आवरेना. तेही हसले. मग हसता हसता थांबले आणि म्हणाले, "माझं सगळं नाव यावरच आहे हो."

‘मी सांगत नव्हते का?’ हे वाक्य मी या दिवसासाठी वर्षानुवर्षे घोटून ठेवले होते. ते ओठांवर आलेच नाही. मी सुनेला त्यांच्यासाठी आणखी एक कप चहा आणायला सांगितला.

कलम सहावे. पाचवे कलम रद्द. यंत्राची तरतूदही रद्द, कारण साहेब साक्षीदार म्हणून सही करणार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे म्हणतात. यंत्र मी आत्ताच हातोहात देऊन टाकले आहे. ते त्याचा दांडा फिरवून बघत आहेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा व्यवस्थापक म्हणून मी मुलाला नेमते.

हे मी लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

स्थळ: राहते घर, मागची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेची आदली संध्याकाळ, गुरुवार.

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला: (सही) घरचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. नाडी जलद आहे, पण कारण मला समजले आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) निवृत्त प्रमुख, पर्जन्य विभाग. चौथे कलम मी स्वतः पडताळले. बाईंचे बरोबर आहे, माझे चुकले. बुधवारी मंडळापुढे हे मीच सांगेन. बाईंना तोवर बोलता येऊ लागले, तर बैठक दवाखान्यात भरवू. त्या सांगतील, मी शेजारी बसेन.