घरटी एक माणूस

२८ सप्टेंबर

आली. दोन पेट्या, एक छत्री, आणि बोलणं मोजकं. नाव रसा, लिथुआनियाहून थेट स्पेनला. लेओनच्या विद्यापीठात जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते. शहरात खोली मिळाली नाही म्हणून बसने आमच्या गावात. आई गेल्यापासून मागची खोली रिकामीच होती. भाडेकरू ठेवली आहे, मुलगी दत्तक घेतलेली नाही – हे स्वतःला दोनदा बजावलं.

३ ऑक्टोबर

ती दुपारी बाराला जेवते आणि संध्याकाळी सहाला पुन्हा! मी तीनला आणि रात्री दहाला. एका स्वयंपाकघरात दोन पंचांगं. बशी धुऊन, पुसून, होती तिथेच ठेवते. घरात कुणी राहतं याचा पुरावा म्हणजे दोरीवरचा ओला टॉवेल.

४ ऑक्टोबर

तिच्या भाषेत मेंढीला ‘अविस’ म्हणतात! संस्कृतात अवि! सालामान्काच्या विद्यापीठात लॅटिनबरोबर संस्कृत शिकले त्याचं आज सार्थक झालं, असं वाटून मी तिला पाच मिनिटं शब्दांची वंशावळ ऐकवली. तिने शांतपणे ऐकून विचारलं, “मेंढीला काय झालंय?”

९ ऑक्टोबर

शेजारच्या फ्रेदेसविंदामावशींनी कुंपणावरून चौकशी केली – पोर मुकी आहे का. म्हटलं, लाजते. मावशी म्हणाल्या, “पावाच्या दुकानात शिरली, शेवटचं कोण म्हणून विचारलं नाही की काही नाही. नुसती उभी. तीन बायका तिच्या आधी पाव घेऊन गेल्या. त्यातली एक मी.”

रात्री रसाला समजावलं. इथे रांग दिसत नाही, पण असते, निर्गुण निराकार. आत शिरल्यावर शेवटचं कोण हे विचारायचं, मग मागून येणाऱ्याला आपण सांगायचं – मी. तिने मान डोलावली. 

१३ ऑक्टोबर

रसा आता पाव शहरातून आणते.

२ नोव्हेंबर

रसाने विचारलं, नाताळानंतर खोली सोडायची तर किती आधी सांगावं लागेल. एक सत्र करून परत जायचं की वर्षभर राहायचं, हे तिला महिनाअखेर विद्यापीठाला कळवायचं आहे. मी कारण विचारलं. म्हणाली, “सगळे चांगले आहेत इथे. पण मी नसले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.”

यावर मी म्हटलं, “बसचा ड्रायव्हर ओळखतो ना तुला.” जन्मभर मुलांना वक्तृत्वशास्त्र शिकवलं, त्याचं हे फळ.

तिने जाऊ नये, असं मला वाटतं. इथे लिहायला हरकत नाही.

३ नोव्हेंबर

तिच्याबरोबर सहाला जेवून पाहिलं. दहाला पुन्हा भूक लागली.

१३ नोव्हेंबर

रविवारी गावकाम. पाण्याचा पाट साफ करायचा, घरटी एक माणूस. आणि आज लाकडं उचलताना माझी पाठ धरली! येत नाही म्हणून सांगायला मावशींना विनवलं. ज्या घरचं कुणी येत नाही त्या घराला पुढच्या नाताळापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. पण इलाज नाही. रसाला बोललेच नाही. पाहुण्याच्या हातात फावडं कोण देतं?

१६ नोव्हेंबर

पडल्या पडल्या लिहिते आहे, पण लिहायलाच हवं.

सकाळी गावकामाची घंटा झाली. रसाच्या आजीच्या गावात अशी अवेळी घंटा म्हणजे आग. ही बाई पायात सपाता, हातात बादली अशी धावत सुटली! चर्चच्या ओसरीत सगळे फावडी घेऊन उभे. पुढचं मावशींच्या तोंडून. लोक हसले का, तर हसले. “मी सगळ्यात जास्त.”

मग गावप्रमुख होनोरिनो घरांची नावं पुकारू लागला. आमचं घर अजून आजोबांच्या नावाने – तोमासचं घर. कुणी बोलेना. माझा निरोप मावशींच्या जिभेवर होता. तो त्यांनी गिळला आणि रसाला कोपर मारलं. “हो म्हण, पोरी.”

ती हो म्हणाली. होनोरिनोने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. “तोमासच्या घरचं माणूस आलंय,” म्हणाला. “त्याला कुणीतरी बूट द्या.”

चार वाजता परतली. केसांपर्यंत चिखल, तोंडाला गावाच्या वाइनचा वास, आणि बोलणं थांबेना. होनोरिनो स्वतःच्या वाट्याचा पाट वरवर खरवडतो म्हणे. “आपल्या घराचा वाटा त्याच्याहून लांब होता, आणि तो वर मलाच घाई कर म्हणतो!”

आपल्या घराचा. मी भिंतीकडे तोंड केलं. अशा पाठीने कूस बदलणं सोपं नव्हतं.

२२ नोव्हेंबर

मावशींची तक्रार: रसा दुकानात त्यांना पुढे जाऊ देत नाही. मोठ्या अभिमानाने करत होत्या.

२८ नोव्हेंबर

राहते आहे! वर्षभर. काल विद्यापीठाला कळवून आली. मी “बरं” म्हटलं आणि स्वच्छ असलेली शेगडी पुन्हा घासली.

मागच्या खोलीला रंग द्यायचा. आईचं कपाट हलवलं की मेज खिडकीशी बसेल. आज सकाळी बस यायच्या आत तिला विचारलं, पिवळा चालेल का. ती काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात बस आली.

३ डिसेंबर

रसा खोली सोडते आहे. चर्चजवळचं जुन्या मास्तरांचं, आता गावाच्या मालकीचं रिकामं घर तिने वर्गातल्या मैत्रिणीबरोबर राहायला मागितलं आणि होनोरिनोने दिलंही. अट एकच – घंटा झाली की त्या घरचं माणूस वेगळं मोजलं जाईल. म्हणजे तोमासच्या घरून आता मीच. दुपारी पाठीच्या डॉक्टरची वेळ घेतली.