खळीनं चिकटवलेली काच

बेळगाव,
२२ मे १९८४

ती. तानाक्कास,
देवाप्पाचा सविनय जय भीम.

आम्ही इकडे सगळी बरी आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या भावजयीनं, गुणाबाईनं दिलेलं तेल लावत जा, नुसतं फळीवर मांडून ठेवू नकोस. ती रोज विचारते.

अक्काताई, शेजारीण म्हणून तुला पुन्हा तसदी. आक्काला हे पत्र तूच वाचून दाखव. तिच्या घरात भरदुपारीही अंधार असतो, म्हणून दोघी अंगणात लिंबाखाली बसा आणि तिथंच वाचा. मधलं काही गाळू नकोस. तुझा स्वभाव मऊ, म्हणून सांगतो.

आक्का, माझ्या नोकरीचं तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी ‘चाललंय’ म्हणून गप्प बसतो. आज सांगतो. लोक म्हणतात घर पाहावं बांधून. मी एकही न बांधता नुसती दुसऱ्यांची पाहत हिंडतो. धोक्याचं कुठलं, राहण्याजोगं कुठलं, हे ठरवायचं. आणि लोक तरी कसे! डॉक्टरला नसलेलं दुखणंसुद्धा सांगतील, माझ्यापासून असलेलं लपवतील. भेगेवर कॅलेंडर, भेगेपुढं कपाट. उचगावात एका घरात तर भेगेपुढं सुनेलाच उभं केलं होतं. माझा चहा संपेपर्यंत ती बिचारी जागची हलली नाही. मी ‘बाळ, जरा सरक’ म्हटलं तर सासूकडं बघायला लागली.

त्याच उचगावात रवळू म्हणून एक होता. त्याला मी स्वतः घराबाहेर काढलं होतं. बायको-पोरं, गुरं, भांडीकुंडी सगळं बाहेर आलं. पाऊस लागला, तसा हा छत्री आणायला आत गेला. भिंत पडताना आधी आवाज करते असं आम्हाला शिकवलं होतं. केला नाही. छत्री तेवढी धड निघाली.

ते झाल्यापासून मला नीट जेवण जात नाही. कुणाच्याही घरी गेलो की आधी भिंती बघतो. परवा शेजारच्यांनी टी.व्ही. आणला म्हणून पेढे द्यायला बोलावलं, मी त्या टी.व्ही.मागचा ओलावा बघत बसलो. गुणाबाई चिडली. म्हणाली, ‘माणसांची तोंडं बघा की जरा.’

आता तुझ्या घराचं.

तुझं घर काळ्या मातीवर आहे. ही माती उन्हात आकसते आणि पाण्यानं फुगते. खाली मुरूम लागेपर्यंत पाया नेला असता तर गोष्ट वेगळी. तुझ्या पायानं मुरूम पाहिलेलाच नाही. त्यात कोगनोळीचा हमरस्ता. नाक्यावर ट्रकची रांग हलली की तुझ्या फळीवरचे पेले वाजतात. ‘पाव्हणं आल्यागत वाटतंय’ असं तू हसून म्हणतेस. मला ते ऐकून हसू येत नाही.

संक्रांतीला आलो तेव्हा मागच्या भिंतीच्या भेगेवर मी काचेची पट्टी बसवली होती, आठवतं? दोन्ही टोकं सिमेंटात पक्की केली. भेग मेलेली असली तर काच तशीच राहते. जिवंत असली, म्हणजे अजून सरकत असली, तर काच तडकते. आमचे नवे साहेब बेंगलोरहून घड्याळासारखं एक यंत्र घेऊन आलेत, भेग केसभर हलली तरी काटा फिरतो. पण माझा काचेवर विश्वास. मी तुला म्हणालो होतो, ‘आक्का, ही काच फुटली तर त्या दिवशी घर सोडायचं.’

तेच माझं चुकलं. काच कशाला लावली एवढं सांगून गप्प बसायला हवं होतं.

त्यानंतर दर पत्रात तुझा निरोप यायचा, काच धड आहे. अक्काताईच्या अक्षरात, तुझ्या शब्दांत. मला इतकं बरं वाटायचं की मी ती पत्रं गुणाबाईला वाचून दाखवायचो. बुद्धपौर्णिमेला आलो, तुझ्या हातची खीर खाल्ली आणि मग मागं जाऊन बघितलं. काच खरंच धड होती. पण माझ्या काचेच्या कोपऱ्यावर मी खिळ्यानं ‘दे’ कोरला होता. हिच्यावर काही नव्हतं. बोट लावलं तर जागची हलली. तू ती विडीच्या लेबलांच्या खळीनं चिकटवली होतीस.

आक्का, खळीनं लावलेली काच कधीच तडकणार नाही. भिंत सरकली की तीही सरकते. भिंत पडेल तेव्हाही ती धडच असेल.

मग मी आत येऊन बघितलं. आप्पांच्या फोटोला काच नव्हती. फोटो उघडा होता, त्याच्यावर विडीच्या तंबाखूची भुकटी बसली होती. बापाच्या तोंडावरची काच काढून तू भेगेला लावलीस. मी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालीस, ‘खीर आणि वाढू का रं?’

मी तेव्हा ओरडलो. ओरडायला नको होतं, अंगणात माणसं होती. पण तू जे उत्तर दिलंस ते मी इथवर घेऊन आलोय, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही.

‘तंबाखूच्या वखारीमागं झोपडी व्हती तवा मालक म्हणायचा उठा. वड्याकडंला गेलो, तितंबी पाटलाचा माणूस यायचा, उठा म्हणायचा. आप्पा उठून उठून मेलं. ही एक जागा गावली, माझ्या नावाची. भेंडं मी थापल्याती, माती मी तुडीवली. आजवर ऊठ म्हननारी सगळी परकी व्हती, देवा. आता तू आलास व्हय?’

मी पिशवी उचलली आणि एस.टी.ला गेलो.

तू विड्या वळून मला डिप्लोमाला घातलंस. ज्या कामासाठी घातलंस तेच काम मी तुझ्या दारात करतोय. गेल्या महिन्यात आपल्या देशाचा माणूस अंतराळात जाऊन आला, सगळ्या ऑफिसनं रेडिओला कान लावला होता. आणि मला माझ्या बहिणीला एका भिंतीआडून काढता येईना. कुणाचे पाय धरू सांग. तुझेच धरतो.

आता मूळ गोष्ट. इतका वेळ मी तिच्याभोवतीच फिरतोय. तुझ्या घराची नोटीस निघाली. सोमवारी दारावर लागेल आणि मिरगाच्या आत मागची भिंत उतरवतील. कोगनोळीचं काम दुसऱ्या कुणाला द्या असं साहेबांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही. नोटिशीवर सही माझी आहे.

तलाठ्याकडं जाऊन विचारून आलो. भिंत जाते, जागा जात नाही. जागा तुझ्या नावावर आहे आणि राहील. नवं घर बांधून देतो असं मी म्हणत नाही, मला ते कधी जमेल ठाऊक नाही, आणि तुला खोटा धीर द्यायची माझी छाती नाही. ‘भावाच्या घरात भन पाव्हणी’ असं म्हणून तू बेळगावला यायची नाहीस, हेही ठाऊक आहे. अक्काताईच्या पडवीत राहा. लिंबाखाली छप्पर घालू, तिथं राहा. तुझ्याच जागेत राहा, फक्त त्या भिंतीखाली राहू नकोस.

मी शनिवारी येतो, माझं अंथरूण घेऊन. तू बाहेर आलेली असलीस तर आपण दोघं मिळून सामान काढू. आप्पांचा फोटो मी आधी काढीन. तू आतच असलीस तर मीही आत येईन आणि त्या भिंतीकडेला, तुझ्या शेजारी अंथरूण टाकीन. सोमवारी नोटीस लावायला शिपाई आला की त्याला इन्स्पेक्टर आतच सापडेल. ही धमकी आहे, मला कळतं. लहानपणी मी विहिरीच्या काठावर बसलो की तू जेवण टाकून धावत यायचीस, त्याच भरवशावर देतोय.

अक्काताई, अंगणात बसून वाच म्हटलं ते उजेडासाठी नव्हतं. निदान हे पत्र संपेपर्यंत तरी माझी बहीण बाहेर असावी, एवढंच मला इथून करता आलं. आता सावकाश घडी घाल. ती आत जायला उठली तर तिचा हात धर.

तुला ऊठ म्हणणारा, तुझाच,
देवा