होडीत चालेल असा कॅमेरा

बाबा, मी कॅमेरा घेतला. तू असतास तर म्हणाला असतास, "मासं धरायचं सोडून फोटो कनाला?" म्हणून कारण आधी सांगते.

आपल्या होड्या जिथे लागतात, ते खाडीचं तोंड बुजायला लागलं होतं. काल्हेरकडे गोदामं वाढली, तसे मातीचे ट्रक रोज खाडीच्या तोंडाशीच रिकामे व्हायला लागले. ओहोटीला दादाची होडी चिखलात रुतायची आणि तो भरतीची वाट बघत बसून राहायचा. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "होडी विकतो, गोदामात ड्युटी धरतो." आई ताटावरून उठून गेली. तक्रार घेऊन कचेरीत गेलो, तर साहेब म्हणाले, "पुरावा आणा." भराव रस्त्यावरून दिसत नव्हता. फोटो पाण्यातूनच काढायला हवे होते.

माझी शाळा सुटल्यावर दादा आणि मी धामणकर नाक्यावर गेलो. दुकानदारानं मोठ्या स्क्रीनचा कॅमेरा पुढे केला. "मॅडम, लेटेस्ट है." मी तो दारात उन्हात धरला, तर स्क्रीनवर माझंच तोंड दिसायला लागलं. दुसरा चार्जिंगचा होता. आपल्याकडे लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नाही. तिसरा अगदी साधा, डोळा लावायला छोटी खिडकी असलेला, पेन्सिल सेलवर चालणारा, खिशात मावणारा. फोटोवर तारीखही उमटायची. दादानं काउंटरवरच्या ग्लासात बोटं बुडवली आणि ओल्या हातानं त्याची बटणं दाबायला लागला. "अरे भाई, क्या कर रहे हो!" दुकानदार ओरडला. दादा शांतपणे म्हणाला, "शेट, पाण्यावर हात सुका न्हाय ऱ्हात." तोच घेतला. मनगटात अडकवायची दोरी दादानं जाळ्याच्या दोऱ्यानं आणखी पक्की केली.

पहिले फोटो सगळे हलले. मग तुझा ओरडा आठवला. मी लहान आहे, होडीत ताठ उभी आहे, आणि तू वल्हं थांबवून म्हणतोस, "लाकडावानी उभी नको ऱ्हाव. गुडघं ढिलं सोड, होडी हलंल तशी तू हल." तशी उभी राहिले. समोर ट्रक मागचा फाळका उघडत होता. काठावरचा माणूस हात उगारून ओरडला, "ए, फोटो बंद करो!" दादा मागून म्हणाला, "काढ तू. होडी मी धरलीय." मी काढत राहिले.

ते फोटो टेबलावर मांडल्यावर साहेबांना गप्प बसता येईना. ते स्वतः आपल्या होडीतून येऊन बघून गेले. ट्रक थांबले, आणि पावसाळ्याआधी पोकलेन लावून तोंड मोकळं केलं. सगळं नाही, पण होडी जाईल इतकं. काल भर ओहोटीला दादा थेट काठापर्यंत आला. आई टोपली घेऊन पाण्यात उतरली आणि त्याच्यावर खेकसली, "आज लवकर आलास, अजून भात व्हायचाय." किती दिवसांनी ती अशी खेकसली!

हे पत्र कुठे पाठवणार, ठाऊक नाही. वहीतच राहील. एक मात्र तुलाच सांगते. घरी म्हटलं होतं, काम झालं की कॅमेरा विकून टाकू. आता कुणाला पुरावा नको आहे, तरी रविवारी मी पुन्हा होडीत बसणार आहे. सेलसुद्धा नवे आणून ठेवलेत.