मळ्यात बाबा दिसले

२ मे, शनिवार

अकोला ४५.२, आमची अमरावती ४४.६. टीव्हीवर रोज संध्याकाळी ही शर्यत! कुंदन म्हणजे माझा धाकटा दीर, अकोल्यात मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. तो फोन करून सांगतो, "वहिनी, आमचा पयला नंबर!" जसं काही ऊन यानेच तापवलं. चॅनेलवाली पोरगी आज डांबरी रस्त्यावर पापड ठेवून उभी होती. थोड्या वेळाने उचलला आणि म्हणाली, पाहा, किती कडक झालाय! अगं बाई, पापड आधीपासून कडकच असतो.

दुसऱ्या चॅनेलवर बातम्या देणारी बाई तर माणूसच नाही म्हणे, कॉम्प्युटरने केलेली आहे. उष्माघाताचे बळी सांगतानाही गोड हसते. मी चॅनेल बदलला.

कुंदन सकाळी येऊन मळ्यात विहिरीजवळच्या खांबावर कॅमेरा लावून गेला. गावात दोन विहिरींवरून मोटारीच्या केबली चोरीला गेल्या, म्हणून. आता मळ्यात काही हललं की माझा फोन बोलणार, तेही मराठीतून. कोण आहे ते ओळखूनही सांगणार. त्यासाठी त्याने घरातल्या सगळ्यांचे फोटो त्यात भरले. सासऱ्यांचेसुद्धा! बाबांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांचे कशाला, विचारलं तर म्हणाला, "असू द्या ना वहिनी. काढाले जीव नाई होत." आम्ही राशन कार्डावरूनही त्यांचं नाव कमी केलेलं नाही. असू दे म्हटलं.

४ मे, सोमवार

काल तिथीप्रमाणे बाबांचं वर्षश्राद्ध झालं. कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, गोवर्धनरावांची काही इच्छा राहिली नाही. मोकळे झाले.

आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी फोन बोलला — 'मळ्यात बाबा दिसले.'

हातातला पेला पडला. आई, म्हणजे सासूबाई, मागच्या खोलीत झोपल्या होत्या, निदान मला तसं वाटलं. धर्मेंद्र अमरावतीला, फुलांच्या दुकानात. (नवऱ्याला घरात 'अहो', इथे धर्मेंद्र. वहीला कसली लाज!) फोनवरचं चित्र उघडलं. उन्हाने सगळं पांढरंफटक, हवा नुसती थरथरत होती. झेंडूच्या ओळींमध्ये एक पाठमोरा माणूस. पांढरा सदरा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. वाकला आणि दिसेनासा झाला.

बाबा असेच दिसायचे.

५ मे, मंगळवार

पुन्हा. एक वाजून चौदा मिनिटं.

धर्मेंद्र म्हणाले, "मशीनच हाय ते. चुकते. मानसं नाई का चुकत!" कुंदनला विचारलं. तो म्हणतो, ते नुसता चेहरा नाही, कपडे आणि चालही पाहतं. मग तर जास्तच भीती वाटली. बाबांची चाल डाव्या पायावर झुकती होती.

६ मे, बुधवार

हवामानाचं ॲप म्हणतं, तापमान ४४, पण वाटतंय ४८. कोणाला वाटतंय? याला कसं कळलं?

७ मे, गुरुवार

आज आईंसमोरच फोन बोलला. मला वाटलं घाबरतील, रडतील. त्या तूर निवडत होत्या. हात थांबलासुद्धा नाही. म्हणाल्या, "आले असतीन. लाईन बारा वाजता येते या हप्त्यात. पानी द्याले आले असतीन."

इतकं साधं, जसं दूधवाल्याबद्दल बोलावं.

चार वाजता हिंमत करून मळ्यात गेले. मोटार बंद होती. पण विहिरीपलीकडच्या शेवटच्या चार सऱ्यांपैकी एक ओली होती. दोन नुकत्याच वाळलेल्या, चौथी भेगाळलेली. तिकडे आम्ही यंदा काही लावलेलंच नाही. रिकाम्या जमिनीला कोणी पाणी दिलं? मी चपला हातात घेऊन पळत आले. पाय पोळले तेव्हा कळलं, चपला हातात आहेत.

८ मे, शुक्रवार

दिवसभर टीव्ही मोठ्याने लावून ठेवला. चर्चेत सहा जण एकदम ओरडत होते. बरं वाटलं. घरात माणसं असल्यासारखं.

आईंनी कुंदनला सांगून फोनचा आवाज बंद करायला लावला. आम्ही मळ्यात गेलो की तो 'धर्मेंद्र दिसले, रागिणी दिसली' करत बसतो, त्याचा त्यांना वैताग. फक्त नावं येतील, बोलणार नाही. पण बाबांच्या नावाबद्दल म्हणाल्या, "त्यायचं राहू दे. थे बोललं पायजे."

९ मे, शनिवार

हसू की रडू!

आज पाऊण वाजताच मोगऱ्याच्या वाफ्यामागे लपून बसले. डोक्यावर ओला पंचा. एक वाजता मागच्या वाटेने बाबा आले. पांढरा सदरा, दुपट्टा, डावीकडे झुकती चाल. माझं अंग बर्फ झालं — ४५ अंशांत! मग ते वळले. सदऱ्याखाली लुगडं होतं.

आई!

आमच्याकडे शेतातल्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा घालतातच, ऊन लागू नये म्हणून. मीही तोडणीला धर्मेंद्रचा घालते. इतकं साधं, पण डोक्यात आलं नाही. आणि चाल? आईंचा गुडघा दुखतो. चाळीस वर्षं सोबत चालून दोघांची चाल एकच झाली असेल.

मी कूलरपुढे लवंडले की त्या मागच्या दाराने निघायच्या. एका वेळी एका सरीला पाणी. गुरुवारी त्या माझ्यासमोर तूर निवडत होत्या खऱ्या; तेव्हा मशीन चुकलं असेल, ओली सरी आदल्या दिवशीची असेल.

"आई, मरायचंय का उन्हात?"

"त्यायच्या चार सऱ्या रायल्या व्हत्या," म्हणाल्या. "अर्धं ओलीत टाकून गेले. जीव अडकते त्याच्यात. मी गेली नाई तं थे जातीन."

"त्यायले आता कायचं ऊन लागते, आई! तुमाले लागते ना!" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघाली.

त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला. मग हळूच म्हणाल्या, "तुले काय माईत?"

सदरा आणि दुपट्टा पेटीत टाकला, कुलूप लावलं, किल्ली माझ्या पदराला. मागच्या दारालाही कडी. बाबांचा फोटो मात्र कॅमेऱ्यातून काढला नाही. त्या पुन्हा निघाल्याच तर फोन बोलेल, मला कळेल.

११ मे, सोमवार

लिहून टाकते. एका माणसाला तरी सांगायला हवं, आणि वही माणूस नाही, म्हणून बरं.

गेल्या वर्षी १४ मेला बाबा ओलितावर होते, सऱ्यांना पाणी देत. दुपारी एक बावीसला त्यांचा फोन आला. मी नाव पाहिलं. मालिका रंगात आली होती. म्हटलं, पिण्याचं पाणी मागत असतील, जाहिरात लागली की नेऊन देते. मग आणखी दोन आले. फोन उशीखाली सरकवला. जाहिरात लागली, संपली. मी विसरले.

चार वाजता सापडले. सरीत तोंडावर पडलेले. त्यांचा फोन पाण्यात भिजून गेला होता. माझ्या फोनमधले तीन कॉल मी पुसले. कोणाला कळलं नाही. आई शेजारणीला सांगत होत्या, माही सून लय करते माह्यासाठी. मी ऐकत होते.

आई उन्हात गेल्या आणि त्यांना काही झालं तर मी कोणत्या तोंडाने जगू? त्यांना जाऊ देणार नाही. काही झालं तरी!

१२ मे, मंगळवार

आई बोलत नाहीत. जेवतात, भिंतीकडे पाहतात. आज एकदाच बोलल्या. "तीन सऱ्या झाल्या. एक रायली." धर्मेंद्र जेवता जेवता थांबले.

फोन शांत आहे.

१३ मे, बुधवार

उद्यासाठी लाल इशारा. बारा ते चार बाहेर पडू नका. त्या कॉम्प्युटरच्या, घाम न येणाऱ्या बाईनेच सांगितलं, हसत.

१५ मे, शुक्रवार

अमरावतीत, दवाखान्यात. बाकड्यावर बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

काल सकाळपासून आईंच्या खाटेला खाट लावून होते. टीव्ही बंद. दार बंद. त्यांच्या मनगटावर हात ठेवून पडले होते. त्या जाग्याच होत्या. पेटीला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे.

एक बावीसला फोन बोलला — 'मळ्यात बाबा दिसले.'

मी आईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. माझ्या हाताखाली त्यांची नाडी टकटक उडत होती. मी म्हटलं, मशीन आहे, चुकलं असेल. खरंच म्हटलं! वर्षभरात काहीच शिकले नाही मी. आई उठून बसल्या. "म्या तं हितं हावो. मंग थे कोन हाय? जाय! धाव!"

अनवाणी धावले. शेवटच्या सरीत धर्मेंद्र पडलेले. मोटार चालू, पाणी त्यांच्या पायांपर्यंत आलेलं. अंग तव्यासारखं, घाम नाही, डोळे अर्धे उघडे. मी ओरडले. शेजारचे सूर्यभानभाऊ धावत आले. दोघांनी उचलून विहिरीजवळ आणलं, बादल्यावर बादल्या ओतल्या, मग गाडीत घातलं. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर सांगता आलं नसतं.

दुकान बंद करून ते सरळ मळ्यात गेले होते. राहिलेली सरी उरकायला, म्हणजे आईला जावंसं वाटणार नाही. मला सांगितलं नाही. मी जाऊ दिलं नसतं, म्हणून.

कुंदन अकोल्याहून आला. येता येता त्याने निष्कर्षही काढून ठेवला — दादा हुबेहूब बाबांसारखा दिसते, मशीन फसली. असेल. फसली म्हणून कुंकू राहिलं माझं.

१६ मे, शनिवार

धर्मेंद्र बोलायला लागले. ताप उतरला. मी त्यांचा हात धरून सगळं सांगून टाकलं — एक बावीस, मालिका, उशी. सांगताना त्यांच्याकडे पाहवलं नाही.

त्यांनी चादर छातीपर्यंत ओढली. मग म्हणाले, "मले बी आल्ता. त्याच दिवशी. लग्नाच्या हाराची घाई व्हती. म्या कट केला."

वर्षभर एका अंथरुणावर झोपतोय आम्ही. दोघंही रडलो. नर्स रागावली. रडून मोकळं वाटलं.

१७ मे, रविवार

कुंदनने आज कॅमेऱ्यातलं गुरुवारचं सगळं चित्रण काढून पाहिलं, आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेला. बारा चव्वेचाळीसला 'धर्मेंद्र' दिसले, आवाज न करता नुसतं नाव. बारा पन्नासला ते पडले. त्यानंतर मी पोचेपर्यंत बोटही हललेलं नाही. आणि हा कॅमेरा काही हललं तरच बोलतो. एक बावीसला त्यांच्या तोंडावर एक सावली येते — दुपट्टा गुंडाळलेल्या डोक्याची, लांब, भर दुपारी लांब — आणि तिथेच थांबते. मी धावत येऊन त्यांच्याजवळ बसेपर्यंत ती हलत नाही. सऱ्यांमध्ये उभं कोणीच नाही.