डांबरी साबणाची फलश्रुती

३ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण घडले ते वाचून हसू नकोस. हसायचेच असेल तर निदान उत्तर लिहून झाल्यावर हस. मनगटाचे हाड मोडल्यामुळे तुझी मामी धाकट्या बहिणीकडे राहिली आहे, हे तू जाणतेसच. प्लास्टरच्या कडेने तिची कातडी भेगाळते, आणि स्वहस्ते केलेल्या पाइनच्या डांबराच्या साबणावाचून तिला दुसरे काही मानवत नाही. शेवटची वडी संपली. तेव्हा मीच साबण करून धाडावा, असा संकल्प सोडला.

तिची कृती मी वर्षानुवर्षे स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पाहत आलो. ती साबण करी, मी अध्याय वाची. त्याच श्रद्धेने तेले कढत केली, कॉस्टिक सोड्याचे पाणी ओतले, डांबर घातले. एका हाती पोथी, दुसऱ्या हाती तू भेट दिलेले घुसळायचे यंत्र, आणि वाचनास आरंभ केला. चार ओव्याही झाल्या नसतील, तोच घोळ जागच्या जागी थिजला. यंत्र उचलले, तर पातेलेही सोबत वर आले. नेमके तेव्हाच शेजारचे डॉक्टर दारात उभे. म्हणाले, गदा शोभते, आता मुकुट तेवढा हवा.

डब्यात एका घाण्यापुरतेच डांबर उरले आहे, आणि दुकानदार म्हणतो की हा माल आता येत नाही. काय चुकले ते कळव.

तुझ्या रसायनशास्त्रापुढे प्रथमच हात जोडून उभा असलेला,
मामा

७ जानेवारी

ती. मामांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

आधी पोटभर हसले, मग लिहायला बसले. क्रम चुकला, क्षमा असावी.

तुमच्या श्रद्धेत खोट नाही. घाई डांबराची आहे. त्यात राळेची आम्ले असतात. तेलांना कॉस्टिकशी जुळायला वेळ लागतो, ही आम्ले मात्र भेटताक्षणी जुळतात, म्हणून घोळ बघता बघता दाटतो. त्यात तेले कढत आणि वर यंत्राचा मारा, म्हणजे आगीत तूपच. यंत्र माझीच भेट, तेव्हा निम्मे पाप माझ्या पदरी टाका.

आता असे करा. तेले आणि कॉस्टिकचे पाणी, दोन्ही पातेली हाताला बाहेरून जेमतेम कोमट लागेपर्यंत निवू द्या. खोबरेल कमी घ्या, ऑलिव्ह तेल वाढवा. ते सावकाश दाटते. पाण्यात काटकसर नको. मामीला आवडते म्हणून लवंगेचे तेल घालाल, तर तेही नको. त्याने दाटपणा आणखी धावतो. साचा कागद लावून शेजारी तयार ठेवा. दोन्ही एकजीव झाले की सर्वांत शेवटी डांबर घाला, लाकडी उलथन्याने हलकेच ढवळा आणि लगेच ओता. हातमोजे आणि चष्मा विसरू नका. गदेला चिकटलेला गोळा किसून, थोडे पाणी घालून मंद आचेवर शिजवा. कपडे धुवायला होईल.

एक शंका. मामी खरोखर अख्खा अध्यायभर ढवळत असे का?

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
भिंगरी

१२ जानेवारी

चि. भिंगरीस शुभाशीर्वाद.

तुझी शंका अस्थानी आहे. कॉस्टिक पाण्यात विरघळले की तुझी मामी मला आरंभ करा म्हणे, आणि अध्याय सरता सरता साबण साच्यात असे. मग मधल्या काळात ती ढवळत नव्हती तर काय करीत होती? तू सांगतेस तसे झटपट उरकले, तर परंपरेचे काय? शेवटचे डांबर आहे. ते पणाला लावण्याआधी मनाची खात्री हवी.

आता विषय निघालाच आहे, म्हणून लिहितो. इतक्या वर्षांत तिने एकदाही फलश्रुती पुरी ऐकली नाही. ऐकल्याचे पुण्य काय, हे सांगणाऱ्या शेवटच्या ओव्या तोंडाशी आल्या की ती पुरे म्हणे आणि साचा धरायला सांगे. साचा धरून झाला की मी पोथी घेऊन बाहेरच्या खोलीत जाई आणि उरलेल्या ओव्या भिंतीला ऐकवी. तिला ऐकायचेच नसे, असे मी मनाशी धरून बसलो. साबणापेक्षा हे अधिक खुपते.

उत्तराची वाट पाहणारा,
मामा

१६ जानेवारी

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

मामा, रागावणार नसाल तर विचारते: त्या वेळी तुमचे डोळे कुठे असत? पोथीत. तुम्ही मामीला पाहिलेच नाही. फक्त तिच्याजवळ बसलात.

तुमच्याच पत्रात उत्तर आहे. अध्याय चाले तेव्हा ती ढवळत नसे. दोन्ही पातेली शेजारी शेजारी निवत असत आणि ती हात जोडून ऐकत असावी. निवाली की मामी ती एकत्र करी, फलश्रुतीच्या सुमारास डांबर घाली. त्यानंतर घोळ देवासाठीही थांबत नाही, तिथे तुमची काय कथा? पुरे म्हणून ती पोथीला थांबवत नव्हती. डांबर तिला थांबू देत नव्हते.

तेव्हा परंपरा सोडू नका. पातेली निवेपर्यंत खुशाल वाचा. फलश्रुती आली की पोथी मिटा, डांबर घाला आणि धावा. साबण महिनाभर वाळवून मगच पाठवा.

एवढे बोलूनही लाडकीच राहू इच्छिणारी,
भिंगरी

४ मार्च

घरच्या पंडितांस शि. सा. न. वि. वि.

प्लास्टर निघाले, साबण पोचला. आमच्या मेहुण्यांनी आधी कोळसा समजून तो शेगडीशेजारी ठेवला होता. फेस आल्यावर त्यांनी माफी मागितली. एका वडीवर तुमचा अंगठा उमटला आहे, ती मी वापरणार नाही. भेगा भरत आहेत. डांबराची चिंता नको. इथला नालबंद घोड्यांच्या खुरांना तेच लावतो, त्याच्याकडून डबा घेतला आहे.

भिंगरीने सगळे कळवले, तुमच्या तक्रारीसकट. अहो, तुम्ही रुसून बाहेर गेलात की ते डांबराचे पातेले कोण घाशी? ते सहजी निघत नसे. घासता घासता उरलेल्या ओव्या मी तोंडपाठ म्हणे, पुष्कळदा दोनदा. तुम्ही भिंतीला ऐकवत असता शेवटून दुसऱ्या ओवीतला एक शब्द दरवेळी गाळता. भिंत बिचारी कशी सांगणार?

रविवारी येते. पातेली निवत ठेवा. या खेपेस ढवळायचे तुम्ही, फलश्रुती मी म्हणेन. आणि मध्येच पुरे म्हणालात, तर साचा तुमचा तुम्ही धरा.

आहे तोच लोभ साबणासारखा झिजवू नये, ही विनंती.

तुमची, स्टुलासमोरची