आप्पांच्या हातात पाणी

न्हावरे, ता. शिरूर
१४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आक्का हिस,
धाकट्या मच्छिंद्रचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडलं की मला खोकला लागतो, म्हणून हे पत्र. शिवाय आजची गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. सगळ्या आळीला कळेल.

मंगळवारी पुण्याच्या दवाखान्यात जाऊन आलो. कॅन्सरची गाठ यकृताच्या एकाच बाजूला आहे, लिंबापेक्षा थोरली. ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, तेवढा भाग कापून काढता येतो, राहिलेलं यकृत पुन्हा वाढतं. मला वाटलं आता तारीख देतील. पण मी चौऱ्याहत्तरीचा. त्यांनी आधी म्हाताऱ्या माणसांच्या वेगळ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. एवढं ऑपरेशन या अंगाला पेलेल का, ते त्या बघतात.

बाई गोड बोलायच्या. मी नुसतं वय बघत नाही, माणूस बघते, असं म्हणाल्या. मला तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. घड्याळ काढायला लावलं, ते मी काटे पट्टीने आखून काढलं. मग हाताची ताकद मोजायचं मशीन दिलं. एवढं महागाचं मशीन आपल्या हातून मोडायला नको म्हणून मी हळूच दाबलं. नंतर चालून दाखवा म्हणाल्या, तर सुवर्णाने माझा दंड धरला. सुनेने धरलं म्हणजे सुनेच्या चालीनेच चालावं लागतं. तिच्या नव्या चपला चावत होत्या.

पुढे त्यांनी विचारलं, आप्पा स्वतःचं काय काय करतात? मी तोंड उघडायच्या आत सुवर्णा म्हणाली की आम्ही त्यांना काडी उचलू देत नाही. पाणी हातात देतो, गोळी हातावर ठेवतो, कपडे मीच धुते, उन्हाचं बाहेर सोडत नाही. दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर शेजारची मालनबाई बसली होती. गुडघा दाखवायला ती आमच्याच गाडीत आली होती.

बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, छाती चांगली आहे, पण ज्याचं सगळं दुसऱ्याच्या हातून होतं त्याला एवढ्या ऑपरेशननंतर उठणं अवघड जातं. मग कापण्यापेक्षा गाठीत औषध सोडून ती दाबून ठेवणं बरं. किती दिवस दबून राहील ते त्यांनाही सांगता येईना. महिनाभर अंडी खा, डाळ खा, चाला, मग पुन्हा बघू आणि ठरवू, असं झालं.

आक्का, तुलाच सांगतो. सुवर्णा पहाटे रांजणगावच्या कंपनीच्या बसला जाते. दिवसभर उभं राहून पॅकिंग करते आणि आली की भिंतीला टेकून झोपते. भांडी मी घासतो. शेळ्यांचं मी बघतो. दार लोटून मोरीत सगळ्यांचे कपडेही मीच धुतो. पण तुझी भावजय जाताना हिचाच हात धरून म्हणाली होती, यांच्या हातात पाणी देत जा. गेल्या रमाई जयंतीला विहारात त्याबद्दल हिचा साडी देऊन सत्कार झाला. आता मी चारचौघांत हिला खोटी पाडू? त्यापेक्षा गाठ राहिलेली बरी. पण रात्रभर डोळा लागत नाही, हेही खरं. मला जगायचं आहे गं.

सुवर्णाला यातलं एक अक्षर कळवू नकोस. माया आहेच, रागावलीस तरी ती आटू देऊ नकोस.

तुझा,
मच्छिंद्र


न्हावरे
१७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईंस,
सुवर्णाचा आदरपूर्वक जयभीम.

मी कधी पत्र लिहीत नाही, चूकभूल पोटात घाला. माझ्या हातून मोठी चूक झाली आहे.

डॉक्टर मॅडमनी आप्पांचं विचारलं तेव्हा मला वाटलं, त्या माझीच परीक्षा घेतायत. आपल्याकडे कोणी म्हाताऱ्या माणसाचं विचारलं तर ते सुनेलाच विचारलेलं असतं ना? म्हणून मी सगळं चढवून सांगितलं. घरी आल्यावर ह्यांनी समजावलं की मॅडमना आप्पांच्या अंगातली धमक बघायची होती. मी चांगली ठरले आणि आप्पा नापास झाले.

आत्या, मला सगळं ठाऊक आहे. आप्पांना वाटतं मला कळत नाही. पण साडीची घडी कोणी घातली हे बाईमाणसाला कळत नाही का? ते साडीची घडी पंच्यासारखी चौकोनी घालतात. धुऊ नयेत म्हणून मी माझे कपडे कॉटखाली लपवून जाते, तर ते तिथूनही काढतात.

आता खरं सांगावं तर आप्पांची शोभा होते. पौर्णिमेला विहारात पुढे बसून वंदना म्हणणारा माणूस. सुनेची लुगडी धुतो म्हणून पारावरचे लोक हसतील, आणि मालनबाई ते गावभर करतील. आप्पा मनाला किती लावून घेतात तुम्ही जाणता. सांगितलं तर त्यांचा मान जातो, नाही सांगितलं तर ऑपरेशन जातं. काय करू ते कळवा. आप्पांना मात्र सांगू नका.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.

सुवर्णा


रेल्वे कॉलनी, दौंड
२१ नोव्हेंबर २०२४

चि. मच्छिंद्र आणि चि. सुवर्णा यांस,
आक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

हे पत्र दोघांनी शेजारी बसून वाचायचं. सुवर्णाने मोठ्याने वाचावं. मच्छिंद्र चष्मा शोधत बसला तर पुढचा महिना उजाडेल.

एकाच आठवड्यात तुम्हा दोघांची पत्रं आली. दोघांचं गुपित एकच आणि दोघांची शपथही एकच, की दुसऱ्याला सांगू नकोस. मी शपथ मोडते आहे. मच्छिंद्रा, तिला सगळं ठाऊक आहे. सुवर्णा, तो तुझ्या अब्रूसाठी गप्प बसला. आता दोघांनी रडून घ्या आणि चहा ठेवा. चहा मच्छिंद्रने ठेवावा.

तुझे दाजी रेल्वेत होते. गाडी सुटण्याआधी एक माणूस हातोडी घेऊन चाकामागून चाक ठोकत जायचा. मी डबा घेऊन गेले की ऐकत उभी राहायचे. चाक चांगलं असलं तर खणकन वाजायचं, तडा असला तर बद्द. दाजी म्हणायचे, चाकाने शेजारच्या चाकाची लाज राखून वाजायचं नसतं, नाहीतर पुढे सगळी गाडी पडते. ती डॉक्टरीण तेच करते आहे रे. तू मशीन हळू दाबलंस! लहानपणी माझी वेणी ओढताना कुठे गेली होती ही माया?

सुवर्णा, सासरा जिवंत असला तरच सुनेचा सत्कार. एवढं लक्षात ठेव.

सत्तरी उलटलेला का होईना, मला भाऊ एकच आहे. लोभ करा, नाही केलात तर येऊन करवून घेईन.

तुमची,
आक्का


न्हावरे
२० डिसेंबर २०२४

आदरणीय आक्का हिस,
मच्छिंद्रचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून झालं. मग मी चहा ठेवला. साखर दोनदा पडली, पण तिने मुकाट्याने प्यायला.

महिनाभर सुवर्णाने रोज अंडी खाऊ घातली. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करायचा व्यायाम होता, तो करताना शेळ्या माझ्याकडे टक लावून बघत. चालायला कालव्यापर्यंत जातो. वजन थोडं वाढलं आहे. वाढलेलं मांस आहे की सूज, याची मला काळजी लागली होती, पण बाई म्हणाल्या मांसच आहे.

काल त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मालनबाई याही खेपेला गाडीत होती. तिचा गुडघा काही बरा होत नाही, आणि आमची गाडी चुकत नाही. मी घसा खाकरला, तेवढ्यात सुवर्णा उठून उभी राहिली. मागच्या वेळी मी खोटं बोलले, म्हणाली. आप्पा भांडी घासतात, शेळ्या राखतात आणि माझ्या साड्यासुद्धा धुतात. बाहेर बाकावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. कान तांबडेलाल झाले होते पोरीचे. मला वाटलं उठून तिच्यापुढे उभं राहावं, म्हणजे ती कोणाला दिसणार नाही.

बाई हसल्या नाहीत. मशीन पुन्हा हातात दिलं. या वेळी मी तुझी वेणी समजून दाबलं. चालताना दंड कोणी धरला नाही. मी मधेच थांबून विचारलं, फार जोरात तर चालत नाही ना? तेव्हा मात्र बाई हसल्या.

ऑपरेशनवाल्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी ऑपरेशन नक्की केलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आता ऑपरेशन ठरलं याची भीती वाटते. आधी ठरत नव्हतं त्याची वाटायची. मी असाच, तू जाणतेस.

काही कमीजास्त झालं तर सुवर्णाला बोल लागू देऊ नकोस. भेट होईलच. तोवर आठवण धरून ठेव.

तुझा,
मच्छिंद्र


न्हावरे
१८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आक्का हिस,
मच्छिंद्रचा सप्रेम जयभीम. वि. वि.

अक्षर हलतं आहे, पण माझंच आहे. टाके सुकले. गाठ सगळी निघाली, कापल्या जागेच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे मागे काही राहिलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तू दवाखान्यात आणलेले शेंगदाण्याचे लाडू मला दिले नाहीत, आमच्या लेकाने, सम्राटने, बापाच्या उशाशी बसून संपवले. ते लक्षात ठेवलं आहे.

घरी आल्यावर पहिले दिवस माझ्याने कूसही बदलवेना. तेव्हा सुवर्णाने खरोखर हातात पाणी दिलं. कंपनीतून रजा काढली होती. मी पीत असताना ती भिंतीवरच्या तुझ्या भावजयीच्या फोटोकडे बघायची. मी दिसलं नाही असं दाखवलं.

पण आता तेही बंद. बाईंनी तिला बजावलं आहे, हातात काही द्यायचं नाही, त्यांना उठून घेऊ द्या. तर ही पेला आधी कॉटच्या कडेला ठेवायला लागली. मग खिडकीत. मग उंबऱ्यावर. मी उठलो की पाठ करून तांदूळ निवडत बसते, आणि मी जरा थबकलो की तिचा हात सुपातच थांबतो.

आज पाणी कुठेच दिसेना. उंबऱ्याशी गेलो तर तांब्या अंगणात, धुण्याच्या दगडावर. सुवर्णा तिथे कपडे चोळत होती. भिंतीला धरून गेलो, पाणी प्यालो, आणि तिथेच पाटावर टेकलो. वजन उचलायचं नाही अजून, म्हणून बादलीतला हातरुमाल तेवढा घेतला आणि धुवायला लागलो. दार सताड उघडं, भर आळीत.

मालनबाई तिच्या दारात उभी होती. तिने विचारलं, काय गं सुवर्णा, सासऱ्याला धुणं लावलंस? सुवर्णाने मान वर केली नाही. साबण माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, व्हय मावशी, त्यांना कुणी न्हाई म्हणायचं न्हाई.

रुमाल मी वाळत घातला आहे. घडी चौकोनीच घालणार आहे.

तुझा,
मच्छिंद्र