एका बाजूनं पास

मंगरूळपीर, ता. १२ जानेवारी १९३५

तीर्थरूप बबनमामा, मुक्काम रिसोड, यांच्या पायांशी भाचा जानराव याचा साष्टांग नमस्कार. (पाठीत सध्या ठणका आहे, त्यामुळे नमस्कार मनानं साष्टांग आणि अंगानं निम्माच झाला आहे. ठणका कशाचा ते पुढे येईल.) आपला गुडघा, मामींचा खोकला आणि तांबड्या गाईचा रुसवा, तिन्हींना उतार पडला असावा. इकडे आई, म्हणजे आपली रुखमाबाई, खुशाल आहे आणि माझा भाऊ पत्राला उत्तर देत नाही असं दिवसातून तीनदा म्हणते.

पत्र लिहायचं कारण, दिवाळीत आपण सांगितलं होतं की जानराव दुभाष्याची परीक्षा पास झाला म्हणजे आपल्या विजयमालेशी माझ्या लग्नाचं बोलू. त्या एका वाक्यावर मी दोन महिने इंग्रजी घोकलं. परीक्षा परवा संपली आणि निकालही लागला. पण आधी परीक्षेची हकीकत सांगतो, कारण नुसता निकाल ऐकला तर तो आपल्याला उगाच वाईट वाटेल.

परीक्षा आसेगावला, फिरतीवर आलेल्या साहेबांच्या तंबूपुढे होती. मार्क देणार साहेबांचे शिरस्तेदार. या म्हाताऱ्या गृहस्थांना दोन्ही भाषा येतात आणि हसू मात्र एकाही भाषेत येत नाही (असा माझा तोवर समज होता). पहिल्या दिवशी साहेब इंग्रजीत बोलणार आणि मी ते गावाला मराठीत सांगणार. दुसऱ्या दिवशी गाव बोलणार आणि मी ते साहेबांना इंग्रजीत सांगणार. रस्ता एकच, आज यायचं, उद्या जायचं, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या दिवशी साहेब गुरांना लस टोचून घेण्यावर तासभर बोलले. खरं सांगू का मामा, त्यातलं निम्मं मला कळलंच नाही. पण मराठीत शिरलं की माझी जीभ आपली आपण चालते. जे कळलं नाही ते मी आवाज चढवून सांगितलं, आणि लोकांना नेमकं तेच जास्त पटलं. शेवटी साहेब म्हणाले, मी जातो. आता निघताना ‘जातो’ असं आपल्यात कोणी तोंडातून काढतं का? मी सांगितलं, साहेब येतात. लोकांनी रामराम घातला आणि आपापल्या घरी गेले. शिरस्तेदारांनी मान डोलावून पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मार्क दिले. त्या रात्री मी मुंडावळ्यांचा रंगसुद्धा ठरवून टाकला.

दुसऱ्या दिवशी उलटं झालं. कस्तुराबाई नावाची बाई तक्रार घेऊन आली आणि तिचा शब्द न् शब्द मला कळला, तिथंच घात झाला. नदीवर धुण्याच्या दगडावरून तिचं शेजारच्या पंचफुलाबाईशी भांडण झालं होतं. ती म्हणाली, “सायेब, ह्या पंचफुलानं माहा हात असा पिरगायला का संक्रांतीच्या आठही नव्या बांगड्या वाढल्या!”

बांगडी फुटली असं अभद्र आपल्या बाया बोलत नाहीत, वाढली म्हणतात, हे मला काय माहीत नाही? पण इंग्रजीकडे तोंड केलं की माझं सगळं शहाणपण मागेच राहतं आणि नुसते शब्द पुढे जातात. पिरगाळण्याला शब्द आठवेना, म्हणून ‘धरला’ वर भागवलं. वाढल्या ते मात्र चोख सांगितलं. साहेबांच्या कानी गेलं ते एवढं, की पंचफुलाबाईनं हिचा हात धरला आणि आठ बांगड्यांच्या जास्त झाल्या. त्यांनी कौतुकानं विचारलं, आता किती आहेत? कस्तुराबाई म्हणाली, “काय राह्यलं आता? हात मोकया झाला न माहा!” तेही मी शब्दाला शब्द लावून दिलं. इंग्रजीत मोकळ्या हाताचा माणूस म्हणजे उदार माणूस, हे मला नंतर कळलं.

साहेबांचे डोळे पाणावले. अशी शेजारीण त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. ते उठून दोन शब्द बोलले, आणि इथे मामा, बाजू बदलली. इंग्रजीतून मराठी, म्हणजे माझी हुकमी बाजू! मी छाती फुगवून गावाला सांगितलं, “सायबाचा हुकूम हाये का पंचफुलाबाईनं संक्रांतीले गावातल्या साऱ्या बायांच्या बांगड्या अशाच वाढवाव्या!”

बायांनी हात पदराखाली घेतले. पंचफुलाबाईनं एकवार गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाली, “साऱ्या गावाच्या? मले एकटीले कशा होतीन, सायेब? कोणी मदतीले तं द्या!” मग कस्तुराबाई उठली, तिच्यामागे गाव उठलं, आणि हुकूम माझ्या तोंडून निघाल्यामुळे सगळे माझ्याकडेच आले. पळताना तंबूच्या दोरीत पाय अडकून मी पाठीवर पडलो. (ठणका तो हा.) शिरस्तेदार खाली बसून, डोळ्यांना उपरणं लावून हसत होते. त्यांनीच शेवटी साहेबांना खरं काय ते सांगितलं, आणि पंचफुलाबाईनं कासार बोलावून कस्तुराबाईला आठ बांगड्या भरून द्याव्यात असा निकाल झाला. तो गावाला सांगायला त्यांनी मला उठू दिलं नाही.

माझ्या दाखल्यावर लिहिलं आहे: इंग्रजीतून मराठीत, उत्तम. मराठीतून इंग्रजीत, पन्नासपैकी चार. (चार कशाचे, असं मी विचारलं. आवाज खणखणीत होता म्हणाले.) नोकरी मिळाली, पण साहेबांचं लोकांना सांगण्यापुरती, लोक बोलत असताना मी तोंड उघडायचं नाही. तेव्हा मी पास आहे की नाही हे आता आपणच ठरवायचं. मामा, विजयमाला मला फार आवडते. हे मला आजवर कोणत्याच भाषेत धड सांगता आलं नव्हतं, म्हणून इथे लिहून टाकलं.

मामींना नमस्कार, गाईला कुरवाळणं.

आपला भाचा,
जानराव

ता. क. – आपण परवा आईकडे निरोप धाडला त्यात ‘पाहू’ एवढा एकच शब्द होता. त्याचा अर्थ हो की नाही, म्हणून आईला विचारलं, तर ती म्हणाली, “माह्या भावाचं ‘पाहू’ मले चाळीस वर्सांत समजलं नाही.” म्हणून विनंती की उत्तर इंग्रजीत यावं. आपल्याला इंग्रजी येत नाही आणि आपल्या घरात ते एकट्या विजयमालेलाच येतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा उत्तर तिनंच लिहावं, तिच्या मनानं. आपण तिकीट तेवढं लावावं.

आणखी एक ता. क. – उत्तर ‘नाही’ असेल तर मात्र ते मराठीतच लिहायला सांगा. त्या बाजूनं मी नापास आहे, तसा सरकारी दाखला सोबत जोडला आहे.